तपकिरी बटूभोवतीची तबकडी: यातून जे बनेल त्याला ग्रह म्हणायचं का?

रातकिडा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, जरा मदत हवी आहे.

२८ फेब्रुवारीला लेकीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. सातवीतल्या चार मुलींनी मिळून "ताऱ्यांचं बालपण" हा विषय घेतलाय आणि त्यातला एक फलक बापाच्या गळ्यात पडलाय. फलक आहे रो-ऑफ १०२ नावाच्या तपकिरी बटूचा (ब्राउन ड्वार्फ, म्हणजे ग्रहाहून जड पण तारा होऊ न शकलेला गोळा). भुजंगधारी तारकासमूहात, साधारण ४०० प्रकाशवर्षं लांब. वस्तुमान गुरूच्या ६० पट, म्हणजे सूर्याच्या जेमतेम सहा टक्के. वयाने अगदी कोवळा, भोवती धूळ आणि वायूची तबकडी. २०१२ साली चिलीतल्या अल्मा दुर्बिणीला या तबकडीत मिलिमीटरभर आकाराचे कण असल्याचं दिसलं. तिथे एवढे मोठे कण असूच नयेत असं तोवर मानलं जात होतं, म्हणून बातमी झाली.

इथवर माझं ठीक चाललं होतं. मग लेकीने विचारलं, "हा तारा नाही म्हणतोस, तर याच्याभोवती फिरेल तो ग्रह कसा? ग्रह ताऱ्याभोवती फिरतात." आणि पाठोपाठ, "पण बनणार आहेत का नक्की?" दोन्हींना मी "बघून सांगतो" म्हणालो. तिने ते वहीत तारीख घालून लिहून ठेवलंय.

फलकावर जागा पाच ओळींची आहे. जाणकारांनी हात द्यावा.

टवाळ_बंड्या

बटू म्हणजे अजून मुंजच झालीय. लग्न, संसार, मग ग्रह. घाई कसली?

मुक्ता_प

वाचतेय. एक शंका. "बटू" का? ड्वार्फ म्हणजे बुटका ना? बटू म्हटलं की मला शेंडी आणि भिक्षावळच दिसते. आमच्या वेळी पुस्तकात "श्वेत बटू" होतं हे मान्य, पण तपकिरी खुजा तारा म्हणायला काय हरकत आहे?

खोडदकर

हरकत एवढीच की तो तारा नाही, आणि धागा नेमका त्यावरच आहे. :)

आबा_भौतिक

रातकिडा, तुमच्या लेकीला माझा नमस्कार सांगा. ३४ वर्षं नववी-दहावीला शिकवलं, हा प्रश्न एकाही पोराने विचारला नाही.

आधी मुळात हे प्रकरण काय ते सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. वायूचा ढग स्वतःच्या वजनाने आत कोसळतो, दाबाने पोटात तापतो. पुरेसा तापला की हायड्रोजन पेटतो आणि तारा जन्मतो. त्यासाठी वस्तुमान गुरूच्या निदान ७५-८० पट लागतं. त्याहून कमी असलं की आकसता आकसता आतले इलेक्ट्रॉन इतके दाटीवाटीने बसतात की तेच पुढचं आकसणं थोपवतात. पोट पुरतं तापायच्या आधीच गाडी थांबते. गुरूच्या १३ पटींच्या वर असेल तर थोडा ड्युटेरियम (जड हायड्रोजन) जळतो, पण तो म्हणजे शेगडीत टाकलेला कागद. भुर्रकन जळतो आणि संपतो.

मग हा चमकतो कशाने? आकसताना झालेल्या उष्णतेने. गॅस बंद केल्यावरही तवा बराच वेळ भाकरीला चटका देतो, तसं. रो-ऑफ १०२ चा तवा आत्ताच उतरवलाय, म्हणून चांगला तापलेला आहे. म्हातारे तपकिरी बटू इतके निवतात की डब्ल्यूआयएसई ०८५५ नावाचा एक आपल्यापासून फक्त साडेसात-एक प्रकाशवर्षांवर असूनही २०१४ पर्यंत कुणाला सापडला नव्हता. त्याचं तापमान पाणी गोठण्याच्या आसपासच आहे.

मुक्ता_प

आबा, तव्याचं उदाहरण आवडलं. बटू मागे घेते, तवा म्हणू या.

चष्मेबद्दूर_७१

मूळ बातमीसोबत फिरलेलं ते नारिंगी गोळ्याचं चित्र फलकावर लावणार असाल तर खाली "चित्रकाराची कल्पना" असं लिहा. निम्म्या लोकांना तो फोटो वाटतो. मलाही वाटला होता. खरं काय दिसलं होतं? काही दिसलं तरी होतं का?

खोडदकर

चष्मेबद्दूर, खरं तर एक धूसर ठिपका दिसला होता. गंमत त्या ठिपक्याच्या आकारात नव्हती, त्याच्या तेजात होती. घर जीएमआरटीच्या (पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या) शेजारी, त्यामुळे दुर्बिणवाल्यांच्या गप्पा ऐकत मोठा झालोय. जमेल तसं सांगतो.

धुळीचा कण साधारण आपल्या आकाराएवढ्या तरंगलांबीपर्यंत चांगला उजळतो, त्याहून लांब लहरींत मंदावतो. अल्माने ही तबकडी ०.८९ मिलिमीटर आणि ३.२ मिलिमीटर अशा दोन लांबींना मोजली. कण धुरासारखे बारीक असते तर ३.२ ला तेज धाडकन पडलं असतं. तसं पडलं नाही, हळूहळू उतरलं. म्हणजे तिथे मोहरीएवढे दाणे आहेत. एवढ्या दोन आकड्यांच्या भागाकारातून हा निष्कर्ष. शिवाय तबकडीत थंड कार्बन मोनॉक्साइड वायूही सापडला.

आमच्या खोडदच्या दुर्बिणीला हे का जमत नाही, असं दरवर्षी विज्ञान दिनाला येणारा कुणीतरी विचारतोच. जीएमआरटीच्या ४५ मीटरच्या ३० तबकड्या (म्हणजे अँटेना) जाळीच्या आहेत. खाली उभं राहिलात तर जाळीतून पलीकडचं आभाळ दिसतं. लहर अर्धा मीटर लांब असेल तर तिला ती जाळी भिंतीसारखी. मिलिमीटरची लहर मात्र चाळणीतून रवा पडावा तशी आरपार जाते. अल्माच्या तबकड्या भरीव पत्र्याच्या आणि आरशासारख्या घोटलेल्या. बहुतेक १२ मीटरच्या, एकूण ६६.

टवाळ_बंड्या

धाग्यात आतापर्यंत तवा, भाकरी, मोहरी, रवा. दुपारचं जेवण झालं नाही वाटतं कुणाचं.

प्रवासी_पाऊलखुणा

अल्मा निघालीच आहे तर अवांतर. कोविडच्या आधी आम्ही दोघं आताकामाच्या वाळवंटात गेलो होतो. सान पेद्रो नावाचं मातीच्या भिंतींचं छोटं गाव आहे, तिथून शनिवार-रविवारी सकाळी अल्माची फुकट बस सुटायची. मात्र ती २९०० मीटरवरच्या तळापर्यंतच. खऱ्या तबकड्या ५००० मीटरवर चाखनान्तोरच्या पठारावर, तिथे पाहुण्यांना नेत नाहीत. तळावर दुरुस्तीला आणलेली एक तबकडी जवळून बघायला मिळाली. तिला उचलून आणणारी पिवळी गाडी २८ चाकांची.

एवढ्या उंचीवर का, तर मिलिमीटर लहरी हवेतली वाफ पिऊन टाकते. तिथली हवा इतकी कोरडी की दुसऱ्या दिवशी बायकोच्या नाकातून रक्त आलं आणि माझे ओठ फुटले ते पुण्यात येईपर्यंत. आपल्या कोकणात ही दुर्बीण लावली असती तर बारा महिने फक्त वाफ मोजत बसली असती.

मुक्ता_प

मग आता मुख्य प्रश्न. मोहरीएवढे कण तिथे "असूच नयेत" असं का मानत होते? मोहरी काय, धूळ चिकटत गेली की होणारच ना?

आबा_भौतिक

मुक्ताताई, इथेच खरी मेख आहे.

एक तर तबकडी विरळ. कण एकमेकांना भेटायलाच वेळ लागतो, आणि भेटतात तेव्हा वेगाने आदळतात, चिकटण्याऐवजी फुटतात. दुसरं कारण अधिक चिवट आहे. तबकडीतला वायू स्वतःच्या दाबाने थोडा पेलला जातो, म्हणून तो जरा हळू फिरतो. कणाला असा आधार नसतो, तो पूर्ण वेगाने फिरू बघतो. म्हणजे कणाला कायम समोरून वारा. सायकलवर उलट्या वाऱ्यात दमतो तसा कण दमतो, वेग गमावतो आणि गोल गोल फिरत आत जाऊन मध्यावर पडतो. तपकिरी बटूचं गुरुत्व कमी, त्यामानाने वायूच्या दाबाचा वाटा जास्त, म्हणून तिथे हा उलटा वारा आणखी जोराचा. कण मोहरीएवढा व्हायच्या आत तबकडीचा बाहेरचा भाग रिकामा व्हायला हवा होता. तो झालेला नाही. म्हणजे कणांना कुठेतरी काहीतरी अडवतंय.

खोडदकर

गतिरोधक. तबकडीत मध्येच जिथे वायूचा दाब वाढलेला असतो तिथे उलटा वारा थांबतो आणि कण अडकून साठतात. सूर्यासारख्या ताऱ्यांच्या बाबतीत अशी कडी दिसलीही आहेत, एचएल टाऊ या कोवळ्या ताऱ्याचं अल्माने २०१४ मध्ये टिपलेलं छायाचित्र आठवा. तपकिरी बटूंच्या तबकड्या इतक्या लहान आणि मंद की त्यांच्यात कडी वेगळी दिसणं फार अवघड.

हिशेबनीस

उशिरा आलो. मुलीचा दुसरा प्रश्न, "बनणार का?", त्याला माझ्या पद्धतीने हात घालतो. माल किती आहे ते मोजा.

गुरू म्हणजे ३१८ पृथ्व्या. रो-ऑफ १०२ म्हणजे ६० गुरू, म्हणजे १९ हजार पृथ्व्या. तबकडीचं वस्तुमान साधारणपणे मधल्या गोळ्याच्या एक टक्का धरतात, म्हणजे १९० पृथ्व्या. त्यातला ९९ टक्के वायू, एक टक्का धूळ. हातात राहिली दोन पृथ्व्यांएवढी माती. त्यातलीही सगळी कामी येत नाही, काही आत पडते, काही उडून जाते. खडकाळ ग्रह बनवायचे तर एखाद-दोन मंगळ बनतील. गुरूसारखा काही बनायचा नाही.

आता हाच हिशेब ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याला लावून बघा. तो तपकिरी बटू नाही, पण कुंपणाच्या जरासाच पलीकडे राहतो: सूर्याच्या नऊ टक्के, ४० प्रकाशवर्षांवर. म्हणजे ३० हजार पृथ्व्या, तबकडी ३००, धूळ ३. आणि त्याच्याभोवती प्रत्यक्षात सात ग्रह आहेत, एकूण वजन जवळजवळ साडेसहा पृथ्व्या!

तीन रुपये पगार, साडेसहा रुपये खर्च. कर्ज कुठून काढलं?

चष्मेबद्दूर_७१

हा प्रतिसाद धाग्याचा कळस. हिशेबनीस, तुमच्याकडून टॅक्स भरून घ्यायला हवा.

खोडदकर

कर्ज नाही, आधीची बचत. हा घोळ खरा आहे आणि संशोधकांनाही छळतो. दोन शक्यता सांगतात. एक, तबकडी लहानपणी बरीच जड होती, आपण ती उशिरा मोजतोय. दोन, मोजतानाच माल लपलेला असतो. मिलिमीटर लहरींना मिलिमीटरचे कण दिसतात, पण कण एकदा दगड-धोंडे झाले की त्यांचा उजेड जवळजवळ गायब होतो. एक किलो मोहरी आणि एक किलोचा दगड, बाहेरचा पृष्ठभाग कुणाचा जास्त? म्हणजे "धूळ कमी दिसते" याचा अर्थ "ग्रह बनून झाले" असाही होऊ शकतो.

जाता जाता, ट्रॅपिस्टचे पहिले तीन ग्रह २०१६ साली जाहीर झाले तेव्हाच्या निरीक्षणांत लडाखमधल्या हान्लेची दोन मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीणही होती.

आबा_भौतिक

दुसऱ्या शक्यतेवर माझा भर आहे. तुमची माती कोठारात नाही, म्हणून तुम्ही दिवाळं निघालं म्हणता. घर आधीच बांधून झालं असेल तर?

हिशेबनीस

आबा, पटलं तरी पूर्ण नाही. दहा लाख वर्षांच्या आत धोंडे तयार म्हणजे काम फारच झपाट्याचं. आमच्या सोसायटीची साधी भिंत चार वर्षं चालू आहे.

शिवानी_नरतुरंग

पहिल्या प्रश्नावर कुणीच बोलत नाहीये, म्हणून मी लिहिते. तारा नसेल तर ग्रह म्हणायचं का?

याला उत्तर आहे आणि ते मजेशीर आहे. आंतरराष्ट्रीय खगोल संघाची २०१८ ची कामचलाऊ व्याख्या सांगते की परग्रह तारा, तपकिरी बटू किंवा ताऱ्याचा अवशेष यांच्यापैकी कुणाभोवतीही फिरला तरी चालेल. म्हणजे रो-ऑफ १०२ भोवती जे बनेल तो बिनदिक्कत ग्रह. अट एवढीच की स्वतः १३ गुरूंहून हलका असावा आणि मधल्या गोळ्याच्या पंचविसाव्या हिश्श्याहून कमी वजनाचा असावा.

ही दुसरी अट गोची करते. नरतुरंग तारकासमूहात २एम१२०७ नावाचा तपकिरी बटू आहे, सुमारे २५ गुरूंचा, वय कोटभर वर्षं, आणि या वयातही तबकडी शाबूत. २००४ साली चिलीतल्या व्हीएलटीच्या येपुन दुर्बिणीने त्याच्या शेजारचा एक लालसर ठिपका टिपला, साधारण पाच गुरूंचा. सूर्यमालेबाहेरच्या ग्रहाचं पहिलं थेट छायाचित्र म्हणून जगभर छापलं गेलं. पण प्रमाण बघा: पाचास एक. नव्या अटीत तो बसतच नाही! तबकडीतल्या मालातून एवढं मोठं काही बनणं तसंही अशक्य (हिशेबनीसांनी वर दाखवलंच आहे). ते दोघे मुळात जोडभाऊच असावेत, एक जास्त जेवलेला.

टवाळ_बंड्या

ज्याचा पहिला फोटो निघाला तोच ग्रह नाही. आमच्या ओळखीत एकाचं लग्नाच्या अल्बममध्ये असंच झालंय.

शिवानी_नरतुरंग

:D पुढे ऐका. सरडा तारकासमूहात चा ११०९१३ नावाची वस्तू आहे, २००५ साली स्पिट्झर दुर्बिणीने तिच्याभोवती तबकडी पाहिली. वस्तुमान फक्त आठ गुरू. म्हणजे ही ड्युटेरियमही जाळत नाही, धड तपकिरी बटूसुद्धा नाही. हिच्या तबकडीतून जे बनेल ते ग्रह की चंद्र? व्याख्येत हा रकानाच नाही.

मुक्ता_प

म्हणजे ग्रहाभोवती ग्रह बनतायत, आणि आपण प्लूटोवरून अजून भांडतोय.

चष्मेबद्दूर_७१

सरडा इथून दिसतो का? पुण्याहून?

खोडदकर

नाही. तो दक्षिण ध्रुवाच्या इतका जवळ आहे की पुण्याच्या क्षितिजावर कधीच येत नाही. पण रातकिडा, तुमचा रो-ऑफ १०२ ज्या ढगात आहे तो भाग दिसतो, आणि तो मुलींना जरूर दाखवा. फेब्रुवारीच्या अखेरीला पहाटे पाचला दक्षिणेकडे वृश्चिक उभा असतो. लाल ज्येष्ठा पकडा, तिथून तीन-एक अंश वर आणि किंचित उजवीकडे सरका. साध्या दुर्बिणीतून रो ओफियुकी (तुमच्या "रो-ऑफ"मधला तोच तारा) दिसतो, तीन ठिपक्यांचा इवलासा त्रिकोण. मागच्या वर्षी भंडारदऱ्याला पाहिला. आजूबाजूला तारे संशयास्पद कमी आहेत, कुणी पुसल्यासारखे. तिथे तारे नाहीत असं नाही, मध्ये धूळ आहे. बटू मात्र दिसणार नाही, त्याची आशा धरू नका.

रातकिडा

खोडदकर, हे करणारच. चारही मुलींना पहाटे उठवण्याची जबाबदारी आयांकडे सोपवली आहे.

सह्याद्रीचा_वारा

एक माहिती राहिलीय. अशा गोळ्यांचं गणित पहिल्यांदा मांडलं ते शिव कुमार यांनी, १९६२-६३ मध्ये. भारतात जन्मलेले, पुढे अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात प्राध्यापक. त्यांनी "काळा बटू" म्हटलं होतं. ते नाव आधीच दुसऱ्या कशाला दिलेलं होतं, म्हणून १९७५ साली खगोलशास्त्रज्ञ जिल टार्टर यांनी "तपकिरी" सुचवलं. आणि निर्विवाद तपकिरी बटू सापडले ते थेट १९९५ मध्ये. तीस वर्षं कागदावरच. प्रत्यक्षात त्यांचा रंग तपकिरी नाहीच, डोळ्यांना दिसलाच तर मंद लालसर दिसेल.

मुक्ता_प

म्हणजे तपकिरी नाही, बटू नाही, तारा नाही. फलकावर काय लिहायचं बाई!

शिवानी_नरतुरंग

ताजी भर. २०२५ मध्ये सरड्यातल्याच चा ११०७-७६२६ या पाच-दहा गुरूंच्या एकट्या गोळ्याने अचानक तबकडीतला माल गिळायचा वेग वाढवला, सेकंदाला सुमारे ६०० कोटी टन. ताऱ्यांच्या पोरवयात असे झटके माहीत होते, एवढ्या लहानग्यात नव्हते.

हिशेबनीस

६०० कोटी टन ऐकायला प्रचंड. पण पृथ्वी ६ वर २१ शून्यं टन. या वेगाने एक पृथ्वी गिळायला बत्तीस हजार वर्षं लागतील. आमचा धाकटा पोळी याच वेगाने खातो.

रातकिडा

सगळ्यांना दंडवत. फलकाचा मजकूर असा केलाय, चुका काढा:

"हा तपकिरी बटू आहे. तारा व्हायला वजन कमी पडलं, म्हणून पोटात हायड्रोजन पेटला नाही. गरम तव्यासारखा आधीच्या उष्णतेने चमकतो. भोवतीच्या तबकडीत मोहरीएवढे दाणे सापडलेत, ते तिथे कसे टिकले हे पूर्ण उलगडलेलं नाही. त्यांतून काही बनलं तर ते लहान आणि खडकाळ असेल, आणि त्याला ग्रह म्हणायला परवानगी आहे."

आबा_भौतिक

"परवानगी आहे" ठेवा. "वजन" काढा आणि "वस्तुमान" करा, नाहीतर परीक्षक मार्क कापतील. मी असतो तर कापले असते.

रातकिडा

आबा, फ्लेक्स छापून आलाय. लेक म्हणतेय राहू दे, कुणी विचारलं तर तीच सांगेल.